पीटीच्या बाई, शिक्षणमंत्री आणि उमराव

ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, २००६ साली मॉरिस नावाने ओळखले जाणारे निदान पाच सदस्य बसत होते. मँचेस्टरचे लॉर्ड मॉरिस, ॲबरॅव्हनचे लॉर्ड मॉरिस, हँड्सवर्थचे लॉर्ड मॉरिस, बोल्टनच्या बॅरोनेस मॉरिस आणि यार्डलीच्या बॅरोनेस मॉरिस. एका गल्लीत तीन पाटील असले की आपण जसे ‘कोपऱ्यावरचे पाटील’ आणि ‘मळ्यातले पाटील’ म्हणतो, तशीच सोय तेथे सरकारी शिक्क्यानिशी करावी लागते. त्यामुळे उमरावपदाच्या नावापुढे गाव लावतात. या पाचांपैकी यार्डलीच्या बाई, एस्टेल मॉरिस, खासदार होण्यापूर्वी अठरा वर्षे शाळेत शिकवत होत्या. शिक्षिका, नगरसेविका, खासदार, शिक्षणमंत्री, राजीनामा आणि मग उमरावपद असा त्यांचा प्रवास आहे. ब्रिटनमध्ये माणूस सत्तेची शिडी कसा चढतो, मंत्र्याच्या हाती खरोखर किती असते आणि ‘लॉर्ड’ किंवा ‘बॅरोनेस’ होणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला मला तरी याहून सोयीचे उदाहरण सापडलेले नाही.

त्यांचा जन्म १९५२ साली मँचेस्टरमध्ये झाला. घरात राजकारण होतेच. वडील चार्ल्स मॉरिस १९६३ पासून वीस वर्षे मजूर पक्षाचे खासदार होते. काका आल्फ मॉरिस तर त्यांच्याहून अधिक प्रसिद्ध, कारण दीर्घकालीन आजारी आणि अपंग व्यक्तींसाठीचा १९७० चा कायदा त्यांनी खासगी विधेयक म्हणून मांडला आणि मंजूर करून घेतला. कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, दरवर्षी खासगी विधेयकांसाठी खासदारांच्या नावांची सोडत निघते. आल्फ यांचे नाव त्या वर्षी पहिले निघाले आणि त्यांनी ती संधी अपंगांच्या हक्कांसाठी वापरली. पुढे १९७४ मध्ये ते या विषयाचे पहिले मंत्री झाले.

अशा घरातली मुलगी थेट राजकारणात गेली असती तर कोणालाच आश्चर्य वाटले नसते. तसे झाले नाही. शाळेच्या शेवटी असणाऱ्या ए-लेव्हल परीक्षेत, म्हणजे साधारणपणे आपल्या बारावीच्या जागी असलेल्या परीक्षेत, त्यांना अपयश आले. विद्यापीठाचा नेहमीचा रस्ता बंद झाल्यावर त्यांनी कॉव्हेंट्री येथील अध्यापक महाविद्यालयातून शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि १९७४ मध्ये त्याच शहरातल्या सिडनी स्ट्रिंगर शाळेत त्या रुजू झाल्या. शारीरिक शिक्षण आणि इतिहास-समाजशास्त्राकडचे विषय त्या शिकवत. आपल्या शाळेच्या भाषेत सांगायचे तर त्या पीटीच्या बाई होत्या. पुढे वरच्या वर्गांची, म्हणजे सोळा ते अठरा वयाच्या विद्यार्थ्यांच्या विभागाची, जबाबदारी त्यांच्याकडे आली.

ही शाळा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ होती, आणि हा शब्द समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन हुशार ठरलेल्यांना ग्रामर शाळेत आणि उरलेल्या बहुतेकांना दुसऱ्या प्रकारच्या शाळेत पाठवण्याची पद्धत रुळली होती. एका परीक्षेवर अकरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य ठरावे, याला विरोध वाढत गेला आणि १९६५ नंतर बहुतेक भागांत निवड न करता परिसरातल्या सर्व मुलांना घेणाऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळा उभ्या राहिल्या. सिडनी स्ट्रिंगर ही कॉव्हेंट्रीच्या मध्यवस्तीतली, कामगार आणि स्थलांतरित कुटुंबांची मुले असणारी अशीच शाळा होती. ती परिसरातल्या प्रौढांनाही खुली असल्याने शाळा आणि वस्ती यांच्यातली भिंत तेथे फार उंच नव्हती. मॉरिस यांनी तेथे अठरा वर्षे काढली. राजकारण्याच्या परिचयपत्रात ‘काही काळ अध्यापन’ अशी ओळ पुष्कळदा असते. अठरा वर्षे ही मात्र एक पुरती कारकीर्द झाली.

शाळेतली नोकरी चालू असतानाच, १९७९ मध्ये, त्या वॉरिक जिल्हा परिषदेवर निवडून आल्या. ब्रिटनमध्ये स्थानिक सदस्यत्व हे बहुतांशी पूर्णवेळ पगारी काम नसते. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी समित्यांच्या बैठका असा त्याचा रिवाज असल्याने शिक्षक, वकील, कामगार संघटनेचे कार्यकर्ते असे लोक तेथे बरेच दिसतात. रस्ते, घरे, कचरा आणि अंदाजपत्रक यांवर वाद घालायची सवय तेथे लागते, आणि पक्षाच्या स्थानिक शाखेला आपला माणूस किती पाण्यात आहे हे कळते. मॉरिस काही वर्षे तेथील मजूर पक्षाच्या गटनेत्या होत्या.

खासदारकीचा उमेदवार ठरवण्यात स्थानिक शाखेच्या सदस्यांना मोठा आवाज असतो. मॉरिस यांना बर्मिंगहॅम शहराच्या पूर्वेकडचा यार्डली मतदारसंघ मिळाला. तो हुजूर पक्षाकडे होता. एप्रिल १९९२ च्या निवडणुकीत मजूर पक्ष देशभरात हरला आणि जॉन मेजर पंतप्रधानपदी कायम राहिले, पण यार्डलीत मॉरिस १६२ मतांनी जिंकल्या. एकशे बासष्ट मते म्हणजे एका मोठ्या शाळेतले पाच-सहा वर्ग. त्या रात्री एवढी माणसे दुसरीकडे वळली असती, तर बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा शाळेत गेल्या असत्या आणि हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. ब्रिटनमध्ये मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते त्याची जागा, अशीच आपल्यासारखी पद्धत आहे, आणि या पद्धतीत अनेकांच्या कारकिर्दी अशा बारीक धाग्याला लटकलेल्या असतात.

पुढचे टप्पे ठरावीक आहेत, म्हणून ते भराभर सांगतो. नवा खासदार मागच्या बाकांवर बसतो. काही वर्षांनी त्याला प्रतोद केले जाते, म्हणजे मतदानाच्या वेळी आपल्या पक्षाच्या खासदारांना गोळा करायचे आणि कोण कुरकुरतो आहे याची खबर वर पोचवायची. मग विरोधी पक्षात असताना एखाद्या खात्याचा प्रवक्ता नेमतात. मॉरिस १९९४ मध्ये प्रतोद आणि १९९५ मध्ये शिक्षणाच्या प्रवक्त्या झाल्या. मे १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष प्रचंड बहुमताने सत्तेवर आला, तेव्हा त्या शिक्षण खात्यात कनिष्ठ मंत्री म्हणून गेल्या आणि १९९८ मध्ये शाळांच्या दर्जाची जबाबदारी असलेल्या राज्यमंत्री झाल्या. खात्याचे प्रमुख होते डेव्हिड ब्लंकेट. येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. या खात्याचा शालेय कारभार फक्त इंग्लंडपुरता चालतो; स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची शिक्षणव्यवस्था वेगळी आहे.

त्या काळातला सर्वांत मोठा उपक्रम प्राथमिक शाळांतल्या वाचन-लेखनाचा होता, आणि शिक्षक असलेल्या वाचकांना तो जवळून पाहायला आवडेल. सप्टेंबर १९९८ पासून इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत रोज एक ‘साक्षरतेचा तास’ सुरू झाला. त्याची मिनिटेसुद्धा ठरवून दिली होती. पहिली पंधरा मिनिटे सगळ्या वर्गाने मिळून एखादा उतारा वाचायचा किंवा लिहायचा, पुढची पंधरा शब्द आणि वाक्ये यांच्यावर काम, मग वीस मिनिटे मुलांनी गटात किंवा एकट्याने करायचे काम आणि शेवटची दहा मिनिटे पुन्हा सगळ्यांनी एकत्र बसून उजळणी. पुढच्या वर्षी गणिताचा तसाच दैनिक तास आला. काय शिकवायचे हे सरकारने ठरवणे १९८८ च्या कायद्यापासून रूढ झालेच होते, पण कसे शिकवायचे आणि किती मिनिटे शिकवायचे हे सरकारने सुचवणे नवीन होते. बंधनकारक नाही असे कागदावर म्हटले असले तरी ते न करणाऱ्या शाळेला तपासणीच्या वेळी बरेच काही समजावून सांगावे लागे. अनेक शिक्षकांना त्यात आपल्यावरचा अविश्वास दिसला. मॉरिस यांचे मोल येथेच होते. त्या शिक्षकांशी शिक्षकांच्या भाषेत बोलू शकत, आणि खात्यातल्या इतर मंत्र्यांपेक्षा शिक्षक त्यांचे ऐकून घेत.

या उपक्रमाला आकड्यांचे लक्ष्य जोडलेले होते. २००२ पर्यंत अकरा वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्क्यांनी इंग्रजीत आणि ७५ टक्क्यांनी गणितात त्या वयाला अपेक्षित पातळी गाठायची. ब्लंकेट यांनी जाहीर केले की हे लक्ष्य चुकले तर आपण पद सोडू. १९९९ मध्ये कॉमन्सच्या कामकाजात मॉरिस यांनीही, आपणही त्यांच्याबरोबर जाऊ, असे सांगून टाकले. सभागृहात बोललेला प्रत्येक शब्द अधिकृत वृत्तात छापला जातो. वर्गात ‘सगळे पास झालात तर सहलीला नेईन’ म्हणणे वेगळे आणि तेथे बोलणे वेगळे, कारण तेथला शब्द तीन वर्षांनी विरोधक पान-ओळीसकट काढून दाखवतात.

जून २००१ मध्ये मजूर पक्ष पुन्हा निवडून आला. ब्लंकेट गृहखात्यात गेले आणि मॉरिस मंत्रिमंडळात शिक्षण व कौशल्य खात्याच्या प्रमुख झाल्या. शिक्षक राहिलेले शिक्षणमंत्री याआधीही झाले होते. साठच्या दशकातले मायकेल स्टुअर्ट आणि एडवर्ड शॉर्ट हे दोघे शिक्षक होते, शॉर्ट तर मुख्याध्यापक, आणि दोघेही पुढे लॉर्ड झाले. पण कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत हयात घालवलेली व्यक्ती या पदावर पहिल्यांदाच आली होती, आणि शिक्षक संघटनांनी तिचे मनापासून स्वागत केले.

नंतरचे सोळा महिने वाईट गेले, आणि त्यातला बराचसा भाग मंत्र्याच्या अधिकाराबद्दल जनतेची समजूत आणि वस्तुस्थिती यांच्यातल्या अंतराचा आहे. इंग्लंडचा शिक्षणमंत्री शिक्षकांच्या नेमणुका करत नाही, कारण त्या शाळा आणि स्थानिक संस्था करतात. तो शाळांची तपासणी करत नाही, कारण त्यासाठी १९९२ पासून ऑफस्टेड ही स्वतंत्र यंत्रणा आहे. तो पेपर काढत नाही आणि गुणही देत नाही. परीक्षा मंडळे वेगळी आहेत, आणि त्या काळी त्यांच्यावर देखरेख करायला अभ्यासक्रम व अर्हता प्राधिकरण होते. हात लांब ठेवून कारभार करण्याची ही पद्धत मुद्दाम आखलेली आहे, म्हणजे परीक्षेच्या निकालात राजकारण्यांनी ढवळाढवळ केली असा संशय येऊ नये. पण काही बिघडले की वार्ताहर प्राधिकरणाच्या दारात जात नाहीत. ते मंत्र्याच्या दारात उभे राहतात.

ऑगस्ट २००२ मध्ये असेच झाले. दोन वर्षांपूर्वी ए-लेव्हलची रचना बदलली होती. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे दोन भाग केले: पहिल्या वर्षाअखेर एएस आणि दुसऱ्या वर्षाअखेर एटू. दोन्ही भागांचे गुण सारखे धरायचे, पण पहिला भाग स्वाभाविकच सोपा आणि दुसरा अवघड. आता हिशेब पाहा. सोप्या भागात मुलांना भरपूर गुण मिळाले. ज्यांना कमी मिळाले त्यांना तो भाग पुन्हा देण्याची किंवा विषय सोडण्याची मुभा होती. मग एकूण परीक्षेचा दर्जा पूर्वीइतकाच ठेवायचा, तर दुसऱ्या भागाची श्रेणी किती कडक लावायची? याचे स्पष्ट उत्तर कोणी लिहूनच ठेवले नव्हते. त्या वर्षी उत्तीर्णांचे प्रमाण आदल्या वर्षीच्या ८९.८ टक्क्यांवरून ९४.३ टक्क्यांवर गेले. परीक्षा सोप्या झाल्या अशी ओरड होणार हे मंडळांना आधीच दिसत होते.

निकाल लागल्यावर शाळांना विचित्र गुणपत्रिका दिसू लागल्या. लेखी घटकांत सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभर केलेल्या प्रकल्पाच्या घटकात चक्क नापास ठरवले होते. हा प्रकल्प त्याच्या शिक्षकांनी तपासून चांगला ठरवलेला असे. कोणत्याही शिक्षकाला अशी गुणपत्रिका दाखवा, तो म्हणेल की येथे मुलगा चुकलेला नाही, मोजपट्टी चुकली आहे. आरोप असा झाला की एकूण निकाल फार चांगला दिसू नये म्हणून शेवटच्या टप्प्यात काही घटकांच्या श्रेणीरेषा वर सरकवण्यात आल्या. शाळांचे माजी मुख्य निरीक्षक माइक टॉमलिन्सन यांना चौकशी दिली गेली. त्यांचा सूर असा होता की यात कारस्थान नव्हते. दोन भागांचा दर्जा नेमका काय याबद्दल गोंधळ होता, आणि निकाल फुगू देऊ नका असा दबाव मंडळांना जाणवत होता. प्राधिकरणाचे अध्यक्ष सर विल्यम स्टब्स यांनी मॉरिस यांच्यावरच चौकशीत हस्तक्षेपाचा आरोप केला. २७ सप्टेंबर रोजी मॉरिस यांनी त्यांना पदावरून दूर केले. फेरतपासणीत जवळपास दोन हजार विद्यार्थ्यांच्या श्रेणी वाढल्या. संख्या एकूण परीक्षार्थींच्या मानाने लहान होती, पण ज्याची विद्यापीठाची जागा हुकली त्याला ती लहान वाटण्याचे कारण नव्हते. स्वतः ए-लेव्हलमध्ये अडखळलेल्या बाईंच्या वाट्याला ए-लेव्हलचाच हा घोळ यावा, हा योगायोग तेव्हाही अनेकांनी टिपला.

त्याच सुमारास आणखी एक पेच उभा राहिला. केंब्रिजशायरमधल्या सोहम गावात त्या ऑगस्टमध्ये दोन शाळकरी मुलींची हत्या झाली आणि देश हादरला. नव्या शिक्षकांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासल्याशिवाय त्यांना वर्गात पाठवू नये, असा आदेश खात्याने दिला. आदेशामागचा हेतू निर्विवाद होता. अडचण अशी की ही तपासणी करणारे कार्यालय त्याच वर्षी सुरू झाले होते, ते गृहखात्याखाली होते आणि त्याच्याकडे अर्जांचा ढीग साचलेला होता. सप्टेंबरमध्ये शाळा उघडायच्या दिवशी काही ठिकाणी शिक्षकच नव्हते आणि मुलांना घरी पाठवावे लागले. काही दिवसांतच आदेश सैल करावा लागला. कडक झालात म्हणून टीका, मग सैल झालात म्हणून टीका. आणि मुळात खोळंबा दुसऱ्या खात्याच्या कार्यालयातला.

ऑक्टोबरमध्ये सरे परगण्यातल्या एका शाळेने शिक्षकाला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्याबद्दल दोन मुलांना काढून टाकले, आणि स्वतंत्र अपील समितीने त्यांना परत घ्यायला सांगितले. मॉरिस यांनी मुलांना परत पाठवू नये असे जाहीर म्हटले. शिक्षिका म्हणून हे मत अगदी समजण्यासारखे होते, पण स्वतंत्र समितीचा निर्णय फिरवण्याचा अधिकार मंत्र्याला नव्हता, आणि वर्तमानपत्रांनी ते लगेच दाखवून दिले. त्यातच प्राथमिक शाळांचे लक्ष्य चुकल्याचे स्पष्ट झाले होते: इंग्रजीत ८० ऐवजी ७५ टक्के आणि गणितात ७५ ऐवजी ७३. विरोधकांनी १९९९ मधले ते वाक्य शोधून काढले. माझ्या मते या आकड्यांवर बाईंना फार कडक शेरा मिळाला. १९९७ मध्ये हेच प्रमाण इंग्रजीत ६३ आणि गणितात ६२ होते. पाच वर्षांत एवढी वाढ ही कोणत्याही मुख्याध्यापकाने अभिमानाने सांगावी अशी होती. पण लक्ष्य आधी जाहीर केले की पुढे मोजमाप वाढीचे होत नाही, उरलेल्या अंतराचे होते.

बुधवारी, २३ ऑक्टोबर २००२ रोजी, त्यांनी राजीनामा दिला. ब्लेअर यांनी त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला होता. ब्रिटनमध्ये मंत्र्याने आपल्या खात्याच्या चुकीची जबाबदारी घ्यावी हा संकेत जुना आहे. १९५४ मध्ये क्रिचेल डाउनच्या जमीन प्रकरणात शेतीमंत्री टॉमस डग्डेल गेले, १९८२ मध्ये फॉकलंडवर अर्जेंटिनाने हल्ला केल्यावर परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन गेले. या राजीनाम्यांचा ठराविक मजकूर असतो: चूक माझ्या खात्याची, म्हणून जबाबदारी माझी. उरलेले पुष्कळ राजीनामे ‘कुटुंबाला वेळ द्यायचा आहे’ या सदरात मोडतात. मॉरिस यांच्या पत्रात तिसरेच काही होते. आपल्याला काय चांगले जमते आणि काय कमी जमते हे आपण शिकलो, असे त्यांनी पंतप्रधानांना लिहिले. प्रश्न हाताळणे आणि शिक्षकांशी संवाद साधणे आपल्याला जमते. प्रचंड खात्याचे धोरणात्मक व्यवस्थापन तितके जमत नाही आणि आजच्या प्रसारमाध्यमांना तोंड देणे जमत नाही. त्यामुळे आपण जितके परिणामकारक असायला हवे तितके नाही, अशा अर्थाचा तो मजकूर होता.

हे पत्र वाचताना मला प्रगतिपुस्तक आठवते. विषयवार श्रेणी, एका विषयात चांगली, दुसऱ्यात सुधारणा आवश्यक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाचे प्रामाणिक मूल्यमापन करणाऱ्या बाईंनी तेच स्वतःला लावले, एवढेच. राजकीय वर्तुळात काहींनी याला दुबळेपणा म्हटले, तर सामान्य लोकांत आणि शिक्षकांत त्यांच्याबद्दल आदर एकदम वाढला. एका स्त्रीने असे लिहिले म्हणून ते कौतुकाचे ठरले, आणि पुढच्या स्त्री मंत्र्यांकडे ‘हिला झेपेल का’ या नजरेने पाहायला निमित्त मिळाले, अशीही चर्चा तेव्हा झाली. ती अगदी निराधार म्हणता येणार नाही. आपल्याला मात्र यातला साधा कारभाराचा मुद्दा पाहायचा आहे. वर्ग चालवणे आणि खाते चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. वर्गात तीस चेहरे समोर असतात आणि चूक झाली की त्याच तासात दिसते. खात्यात हजारो कर्मचारी, डझनभर स्वायत्त संस्था, तिजोरीशी चाललेली ओढाताण आणि रोज सकाळी वर्तमानपत्रांनी ठरवलेला दिवसाचा विषय असतो, आणि चूक कळते तेव्हा ती बहुधा सहा महिन्यांपूर्वीची असते. संसदेत उत्तम बोलणाऱ्याला खाते द्यायचे ही ब्रिटिश पद्धत या फरकाकडे फारसे लक्ष देत नाही. मंत्र्याला त्या कामाचे प्रशिक्षण असे नसतेच.

त्यांच्या जागी चार्ल्स क्लार्क आले. मॉरिस आठ महिने मागच्या बाकांवर बसल्या आणि जून २००३ मध्ये संस्कृती खात्यात कलांच्या राज्यमंत्री म्हणून परतल्या. मंत्रिमंडळातून पायउतार झालेल्या व्यक्तीने खालच्या पायरीवरचे पद आनंदाने स्वीकारणे तेथेही विरळाच आहे. २००५ च्या निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या नाहीत. यार्डली लिबरल डेमोक्रॅट पक्षाकडे गेला. २०१५ पासून मजूर पक्षाच्या जेस फिलिप्स तेथून निवडून येत आहेत.

आता उमरावपदाकडे वळू. ‘लॉर्ड’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाडा, जमीनजुमला आणि वंशपरंपरा येते. ते चित्र आता बरेच जुने आहे. १९५८ च्या कायद्याने तहहयात उमरावपद सुरू झाले. ते व्यक्तीबरोबर संपते, मुलाबाळांना मिळत नाही. याच कायद्यामुळे स्त्रियांना पहिल्यांदा लॉर्ड्समध्ये बसता आले. १९९९ च्या कायद्याने वंशपरंपरागत उमरावांपैकी ९२ सोडून बाकीच्यांचा सभागृहातला हक्क काढून घेतला. तेव्हापासून तेथे बसणारे बहुतेक लोक नेमलेले आहेत: माजी खासदार आणि मंत्री, डॉक्टर, न्यायविद, प्राध्यापक, कामगार नेते. नावे पंतप्रधान सुचवतात, एक नेमणूक आयोग त्यांची छाननी करतो आणि राजमुद्रेचे पत्र निघते. संसद विसर्जित होताना निवृत्त होणाऱ्या काही खासदारांना उमराव करण्याची प्रथाच आहे. मॉरिस यांचे पत्र जून २००५ मध्ये निघाले.

नवा सदस्य पहिल्या दिवशी लाल झगा घालून, दोन जुन्या सदस्यांच्या मध्ये चालत सभागृहात येतो, नेमणुकीचे पत्र वाचले जाते, तो शपथ घेतो आणि नोंदवहीत सही करतो. झगा परत दिला की काम सुरू. यार्डलीच्या बॅरोनेस म्हणून यार्डलीवर त्यांचा काडीचाही अधिकार नसतो, आणि यार्डलीच्या मतदारांचा त्यांच्यावर नसतो. ते नुसते ओळखीचे गाव आहे. पगारही नसतो, हजर राहिल्या दिवसाचा भत्ता असतो, जो २०१० मध्ये रोजचा ३०० पौंड ठरवला गेला आणि पुढे वाढत गेला. उलट एक हक्क जातो: लॉर्ड्समध्ये बसणाऱ्याला कॉमन्सच्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येत नाही.

या सभागृहाला सरकार पाडता येत नाही. १९११ आणि १९४९ च्या कायद्यांनंतर साधे विधेयक ते सुमारे वर्षभर लांबवू शकते आणि अर्थविधेयक महिनाभर. मग तेथे करतात काय, तर विधेयकाचे कलम अन् कलम वाचतात. कॉमन्समध्ये चर्चेला वेळेची कात्री लागते. लॉर्ड्समध्ये मांडलेल्या प्रत्येक दुरुस्तीवर बोलता येते. सरकारने घाईत लिहिलेल्या कलमातला घोटाळा तेथे पुष्कळदा सापडतो आणि मंत्री मुकाट्याने दुरुस्ती स्वीकारतात. निवडून न आलेल्या माणसांनी कायद्यावर हात फिरवावा का, हा आक्षेप योग्यच आहे आणि ब्रिटनमध्ये तो शंभर वर्षे चालू आहे. आपल्या विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघाच्या आहेत, म्हणजे शिक्षकांचा प्रतिनिधी शिक्षकच निवडतात. लॉर्ड्समध्ये असे काही नाही. तेथे शिक्षिकेचे ज्ञान पोचते ते कोणीतरी नाव सुचवले म्हणून.

पण पोचल्यावर ते उपयोगी पडते, हेही खरे. लॉर्ड्समध्ये खाते चालवायचे नसते आणि संध्याकाळच्या बातम्यांना रोज तोंड द्यायचे नसते, म्हणजे पत्रात ‘जमत नाही’ म्हणून लिहिलेल्या दोन्ही गोष्टी तेथे कोणी मागत नाही. प्रश्न समजून घेणे आणि त्यावर बोलणे, एवढेच मागतात. शिक्षणाच्या विधेयकांवर मॉरिस तेथे वर्षानुवर्षे बोलत आल्या आहेत. २०१२ पर्यंत त्यांचे काका आल्फ, मँचेस्टरचे लॉर्ड मॉरिस, याच सभागृहाचे सदस्य होते.

पुढे त्या लॉर्ड्सच्या सार्वजनिक सेवा समितीच्या अध्यक्ष झाल्या. मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना बोलावून, तुमचे खाते हे काम कसे चालवते, असे विचारणे हे त्या समितीचे काम. त्यांच्या अध्यक्षतेखाली २०२४ मध्ये समितीने जो अहवाल दिला, त्याचा विषय होता अपंग तरुणांचा शाळेपासून नोकरीपर्यंतचा प्रवास.